पवित्र जीवन, कृतज्ञ जीवन : सोमवार ते शनिवार कसं जगता?

प्रवराकाठ | १२ मे, रात्री १०.५०

जय ख्रिस्त मंडळी.

बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज लिहायला बसलो, कारण एक गोष्ट महिनाभर सलतेय.

आम्ही राहुरी तालुक्यातले, घर पणजोबांपासून ख्रिस्ती. संध्याकाळची प्रार्थना आमच्याकडे चुकत नाही. सात वाजले की सतरंजी अंथरायची, एक गीत, एक उतारा, मग धाकट्यापासून थोरल्यापर्यंत प्रत्येकानं एकेका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. वडिलांनी घालून दिलेली रीत आहे. ते गेले, रीत राहिली.

मागच्या महिन्यात उन्हाळी कांद्याची काढणी चालू होती. आठ बाया रोजानं होत्या. मजुरी आम्ही शनिवारी देतो, बाजाराच्या दिवशी. बुधवारी संध्याकाळी त्यांच्यातली एक ओट्यापाशी आली. आम्ही प्रार्थनेला बसलो होतो, मी हातानंच खूण केली, थांब. ती चपला काढून पायरीवर बसली. नखांत माती, विळा फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेला. माझी पाळी आली तेव्हा मी यंदाच्या पिकाबद्दल देवाचे आभार मानले. चांगले सविस्तर मानले. आमेन झाल्यावर बाहेर गेलो. ती म्हणाली, "दादा, तीन दिवसांचं देता का, पोराला दवाखान्यात न्यायचंय." मी म्हणालो, "आत्ता सुट्टे नाहीत, उद्या बघू." ती बरं म्हणाली आणि गेली.

सुट्टे होते. समोरच्या कपाटात होते. एकीला दिले की उद्या आठीजणी दारात येतील, एवढाच माझा हिशोब होता.

त्या रविवारी देवळात बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचला गेला. "पवित्र व्हा" अशी आज्ञा त्याच्या सुरुवातीलाच आहे. लहानपणापासून ऐकतोय, पण पुढे काय लिहिलंय तिकडे कधी नीट कान दिला नव्हता. पवित्र व्हा म्हणून सांगितलं आणि मग काय? शेताचे कोपरे शेवटपर्यंत कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. चोरी करू नका, खोटं बोलू नका. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका. पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा. तागडी खरी ठेवा, मापं खरी ठेवा. माझ्या डोक्यात पवित्रपण म्हणजे उपवास, प्रार्थना, दारू-तंबाखू नाही, रविवार पाळला. इथे तर देव माझ्या खळ्यावर येऊन उभा राहिला.

आणि गंमत म्हणून सांगत नाही, मनापासून सांगतो : हंगामाच्या उपकारस्तुतीला दरवर्षी पहिली पाटी आमच्या घरची असते. निवडून, पुसून, एकसारखे कांदे. उपासना झाल्यावर लिलाव होतो तेव्हा लोक कौतुक करतात.

तर विचारायचं आहे ते हे. पवित्र आणि कृतज्ञ असं रोजचं जगणं तुमच्या घरी, कामावर, नेमकं कसं दिसतं? प्रवचन नको. तुम्ही स्वतः काय करता ते सांगा.

---

निर्मळची | १३ मे, सकाळी ६.१५

दादा, तुमचं वाचून मला माझी आई आठवली. आम्ही वसईकडचे, कॅथलिक. आई पहाटेच्या गाडीनं भाजी-फुलं घेऊन दादरला जायची. पहाटे अडीचला उठायची, वाटेतल्या क्रुसाला हात लावायची आणि गाडीत बसली की माळ काढायची. तिची एक सवय होती, ती मी आयुष्यभर सांभाळली आहे. परतीच्या गाडीत ती सकाळपासूनचा दिवस एकदा मनातल्या मनात उलगडायची. आज कोणी काय दिलं, मी कोणाला काय दिलं, कोणाला कमी दिलं. एखादीला वाटा कमी गेला असं वाटलं तर दुसऱ्या दिवशी तिच्या टोपलीत दोन जुड्या जास्त जायच्या. न बोलता.

पुढे आमच्या फादरांकडून कळलं की ही पद्धत जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसनं शिकवलेली आहे. त्याचा तो साधनेचा ग्रंथ १५४८ साली छापला गेला. रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या त्यात आहेत : आधी आभार, मग आपली पापं दिसावीत म्हणून प्रकाश मागणं, मग तासातासानं दिवस तपासणं, मग क्षमा, मग सुधारण्याचा निश्चय. क्रम बघा हं. आम्ही लहानपणी पापनिवेदनाला जायचो ते थेट पापांची यादी घेऊन. त्यानं पाप दुसऱ्या पायरीवर ढकललं आणि आभार पहिले ठेवले. कृतघ्नपणा हीच साऱ्या पापांची सुरुवात, असं त्यानं १५४२ मधल्या एका पत्रात लिहून ठेवलंय.

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिची शाळा दुसरीपर्यंत.

---

हिंजवडी_शिफ्ट | १३ मे, सकाळी ९.३०

मावशी, सुंदर. दादा, तुमचा प्रामाणिकपणा भिडला.

माझी अडचण साधी आहे. सकाळी आठला निघतो, रात्री नऊला घरी. शब्बाथशाळेत शिकलेलं सगळं पाठ आहे, पण दिवसभरात देव आठवतच नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर "धन्यवाद प्रभू" एवढं म्हणेपर्यंत झोप लागते. आयटीतल्या माणसानं काय करावं?

---

मुक्तीवाट | १३ मे, दुपारी २.०५

हिंजवडी, बसमध्ये निदान पाऊण तास जात असेल ना? मोबाइल बॅगेत ठेवा आणि निर्मळच्या मावशींच्या आईनं केलं तसं करा. घरी पोचल्यावर नको, गाडीतच. घरी पोचल्यावर घर आपल्याला ओढतं.

मी वंशपरंपरेनं केडगावच्या मुक्ती मिशनशी, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या वस्तीशी जोडलेली. पणजी १८९६-९७ च्या दुष्काळातून रमाबाईंनी आणलेल्या मुलींपैकी. आमच्या घरात पवित्र जीवन हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे काम येतं. रमाबाईंच्या त्या वस्तीत मुली प्रार्थना करायच्या आणि दळायच्या, विणायच्या, शेतात राबायच्या, छापखान्यात खिळे जुळवायच्या. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बायाबापड्यांना कळेल असं. ते काम वर्षानुवर्षं चाललं आणि छापलं गेलं त्याच छापखान्यात, त्याच मुलींच्या हातांनी. पणजी सांगायची, शाईचे हात धुऊन प्रार्थनेला जायचं आणि प्रार्थनेहून परत शाईत. दोन वेगळी कामं आहेत असं तिला कधी वाटलंच नाही.

---

सातारावाचक | १३ मे, रात्री ८.४०

मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडला म्हणून विचारतो. 'पवित्र' म्हटलं की आमच्या घरात सोवळं आठवतं. आजीचं सोवळं कडक होतं. शिवायचं नाही, वाळत घातलेल्या लुगड्याला हात लावायचा नाही. तुमच्याकडे हा शब्द कुठल्या अर्थानं घेतात? आणि मजुरीचा त्याच्याशी संबंध जोडणं मूळ ग्रंथातलंच आहे की दादांचा विचार?

---

कँपातला_पंतोजी | १३ मे, रात्री ११.२०

सातारावाचक, छान प्रश्न. मजुरीचं मूळ ग्रंथातलंच आहे. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात तर कारणही दिलंय : सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला आहे. नव्या करारात याकोब म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते.

हिब्रू शब्द आहे 'कादोश'. अर्थ, देवासाठी वेगळा राखलेला. त्यात सोवळ्याच्या जवळ जाणारा भागही आहे, लेवीयमध्ये काय शिवावं, काय खावं याचे नियम पानंच्या पानं आहेत. येशूनं मार्क ७ मध्ये तो काटा फिरवला. बाहेरून आत जातं त्यानं माणूस विटाळत नाही, आतून बाहेर येतं त्यानं विटाळतो. मग तो यादी देतो : चोरी, लोभ, कपट, निंदा, गर्व. आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात हे फार जवळून घडलेलं आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाई लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, सोवळं सांभाळत राहिल्या. त्यांच्या हातून जातीचा विटाळ सुटला तो कोणी वाद घालून नव्हे, स्वतः विचार करकरून. ख्रिस्ती त्या नंतर झाल्या, विटाळ आधी गेला. आणि टिळक स्वतः म्हणत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो. त्यामुळे तुम्ही इथे परके नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. मी सेमिनरीत शिकवतो, म्हणून एक गोष्ट सांगतो, तिनं माझी स्वतःची समजूत बदलली. हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी नावाची १५६३ सालची शिकवण आहे, १२९ प्रश्नांची. तिचे तीन भाग : माणसाची दुर्दशा, माणसाची सुटका, आणि कृतज्ञता. दहा आज्ञांचं विवरण कुठल्या भागात असेल असं तुम्हाला वाटतं? मला वाटलं होतं पहिल्या. नियम दाखवायचे, माणूस दोषी ठरवायचा. पण ते आहे तिसऱ्या भागात, कृतज्ञतेत. खून करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, हे सगळं 'उपकार कसे फेडावेत' या सदराखाली. प्रार्थनाही तिथेच.

म्हणजे प्रवराकाठ, तुम्ही धाग्याच्या नावात 'पवित्र' आणि 'कृतज्ञ' असे दोन शब्द घातलेत, मला तो एकच शब्द वाटतो. सुटका झालेला माणूस ज्या रीतीनं मजुरी देतो ती त्याची उपकारस्तुती.

---

सातारावाचक | १४ मे, सकाळी ७.१०

मनापासून आभार पंतोजी. आजीला हे वाचून दाखवायला हवं होतं.

---

मडगावहून | १४ मे, सकाळी ११.००

एक छोटी भर. आमचं घर सावंतवाडीचं, सध्या गोव्यात. इथले ख्रिस्ती शेजारी आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात. देव तुझं बरं करो. मी तुझा आभारी आहे असं नाही, त्या शब्दांत 'मी' येतच नाही. बाजारात मासळीवालीनं चार बांगडे जास्त टाकले की म्हणायचं, देव बरें करूं. मला फार आवडतं. आता मीही म्हणते.

---

अबोली | १४ मे, रात्री ११.५५

लिहू की नको असं करत तीनदा पुसलं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझे मिस्टर गेले. दुसरी लाट. एकोणीस दिवस ऑक्सिजनवर होते. शेवटी भेटू दिलं नाही, काचेतून बघितलं. आठवड्याभरात मंडळीतले लोक भेटायला आले आणि जवळजवळ प्रत्येकानं तेच वचन सांगितलं, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. एक बाई म्हणाल्या, तू स्तुती करत नाहीस म्हणून तुला शांती नाही.

तेव्हापासून कृतज्ञता हा शब्द मला बोचतो. मी प्रार्थना सोडलेली नाही, मुलीला घेऊन देवळात जाते. पण सगळे आभार मानायला उभे राहतात तेव्हा मी बसून राहते. तुम्ही सगळे इतकं चांगलं लिहिताय, म्हणून विचारते. माझ्यासारख्यांनी काय करायचं?

---

निर्मळची | १५ मे, पहाटे ५.४०

बाय, तू बसूनच राहा. देवाला बसलेली माणसंही दिसतात. आज सकाळच्या मिस्सात तुमचं तिघांचंही नाव घेते, त्यांचंसुद्धा.

---

कँपातला_पंतोजी | १५ मे, सकाळी ८.१५

अबोलीताई, शिकवणाऱ्याच्या जागेवरून बोलत नाही. एवढंच सांगतो की ते वचन तुम्हाला अर्धं सांगितलं गेलं. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पौलाचे शब्द आहेत 'सर्व स्थितीत'. त्या स्थितीत असताना, त्या स्थितीबद्दल नव्हे. त्याच्याच इफिसकरांस पत्रात 'सर्व गोष्टींबद्दल' असंही आहे, ते मी लपवत नाही. पण ते मांडून दुसऱ्याच्या दुःखावर ठेवायचं नसतं. ते ज्याचं त्यानं, कधी जमलं तर, म्हणायचं असतं.

मार्था आणि मरिया या बहिणींचा भाऊ लाजर मेला, तेव्हा त्याच्या कबरीपाशी येशू आधी रडला. योहान ११ मधलं ते सर्वात छोटं वाक्य. पित्याचे आभार त्यानं मानले ते त्यानंतर, धोंड बाजूला काढल्यावर. मार्था-मरियेला तो म्हणाला नाही की तुम्ही स्तुती करत नाही. स्तोत्रसंहितेत विलाप किती भरलेत ते बघा. ८८ वं स्तोत्र तर अंधारात संपतं, शेवटी एकही आभाराची ओळ नाही, तरी ते देवळात गायलं जायचं. तुम्ही बसून राहता तेव्हा ते स्तोत्र गाताय असं समजा.

---

मुक्तीवाट | १५ मे, सकाळी १०.३०

अबोली, तुझा हात धरून बसावंसं वाटलं.

रमाबाईंचं आयुष्य लोक चरित्रात भरभर वाचतात. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात काही महिन्यांत वडील, आई, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ. त्याच वर्षी लग्न, आणि १८८२ मध्ये नवरा पटकीनं गेला, पदरात तान्ही मनोरमा. ज्या मनोरमेवर पुढे सगळं काम सोपवायचं तीही १९२१ मध्ये त्यांच्याआधी गेली. त्यानंतर त्या जेमतेम नऊ महिने जगल्या, भाषांतराचे कागद तपासत. मला त्या नऊ महिन्यांतल्या रमाबाई कळतात. मोठ्या आवाजात स्तुती करणारी बाई मला तिथे दिसत नाही. समोरचं पान संपवणारी दिसते.

---

रात्रपाळी_सिस्टर | १७ मे, दुपारी ३.२०

मी नर्स आहे, अनेक वर्षं कुष्ठरोगाच्या दवाखान्यात काढली. धागा वाचताना सारखं एक डोळ्यांपुढे येत होतं.

कुष्ठरोगात मज्जातंतू मरतात, हातापायाची संवेदना जाते. बाई भाकरी थापते, तव्याला बोट चिकटतं आणि तिला कळतच नाही. चपलेत खडा राहतो, दिवसभर चालते, संध्याकाळी तळव्याला जखम. दुखत नाही म्हणून जखम चिघळते आणि मग बोटं जातात. औषधानं जंतू मरतात, पण गेलेली संवेदना बहुतेकांची परत येत नाही. म्हणून आम्ही पेशंटला एक गोष्ट घोकून घोकून शिकवायचो : रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं आणि उजेडात बसून हात-पाय एकेक बोट करून बघायचे. तळवा दिसत नसेल तर आरसा धरायचा. दुखलं नाही म्हणजे लागलं नाही असं नसतं.

मावशींनी सांगितलेलं ते आत्मपरीक्षण मला अगदी हेच वाटलं. प्रवराकाठदादा, त्या बुधवारी तुम्हाला दुखलं नाही. चार दिवसांनी वाचन ऐकल्यावर दिसलं. रोज संध्याकाळी बघितलं असतं तर त्याच रात्री दिसलं असतं. रागावू नका, मोठी बहीण समजा.

लूकमध्ये दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच परत येऊन पाया पडतो, तोही शोमरोनी, परका. आमच्या वॉर्डात ही गोष्ट वाचली की पेशंट त्या नऊजणांची बाजू घ्यायचे. एक म्हातारबाबा म्हणायचे, "सिस्टर, ते घरी पळाले असतील हो. किती वर्षं पोरांना शिवले नसतील." मी ते कधी विसरले नाही. येशूनंही विचारलं, नऊजण कुठे आहेत? पण त्यांचं बरं केलेलं अंग काढून घेतलं नाही.

---

हिंजवडी_शिफ्ट | १७ मे, रात्री ९.४५

सिस्टर, हे वाचून थोडा वेळ नुसता बसलो.

चार दिवस बसमध्ये करून बघतोय. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत झोपलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की ऑफिसात मजल्यावर झाडू मारणाऱ्या काकांचं नाव मला माहीत नाही. दोन वर्षं रोज माझ्या खुर्चीखालून कचरा काढतात. काल विचारलं. आज त्यांनी मला माझं विचारलं.

---

अबोली | १९ मे, सकाळी ७.००

पंतोजी, मुक्तीवाट, मावशी, सिस्टर. काल ८८ वं स्तोत्र मोठ्यानं वाचलं, मुलगी शेजारी होती. ती म्हणाली, आई हे बायबलमध्ये आहे? आहे म्हटलं. मग ती म्हणाली, पप्पांना भाकरीचा पापुद्रा काढून कोण देत होतं? मी म्हटलं मीच. ती म्हणाली, मला पण दे ना.

एवढंच सांगायचं होतं.

---

प्रवराकाठ | २६ मे, रात्री ९.१०

सगळ्यांचे उपकार. सिस्टर, रागावलो नाही, उलट तुमचं लिहिणं बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं.

काय बदललं ते सांगतो. शनिवारची रीत मोडली. सध्या भुईमूग काढणी चालू आहे, शेंगा तोडायला सहाजणी आहेत. रोज साडेसहाला खळ्यावरच ज्याचा त्याचा रोज हातात देतो. सुट्टे आठवड्याचे एकदम आणून ठेवतो. भाऊबंद म्हणाले, रोज पैसे दिले की बाया दुसऱ्या दिवशी येत नाहीत. एक दिवस दोघी आल्या नाहीत हे खरं आहे. पण त्यांचे पैसे त्यांचे आहेत, ते माझ्यापाशी अडकवून त्यांना बांधून ठेवायचा मला अधिकार नव्हता. प्रार्थनेत आता आभारांच्या आधी थोडा वेळ गप्प बसतो, हातपाय बघायला. धाकट्याला फार जड जातं, तो चुळबुळ करतो. करू दे.

आणि त्या बाईकडे गेलो होतो. शनिवारी बाकीच्यांबरोबर तिचे पैसे दिले होते, त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. दुसऱ्याच्या शेंगा तोडायला जाते. वस्ती ओढ्यापलीकडे आहे. पोरगं अंगणात टायर फिरवत होतं, बरं दिसलं. त्या बुधवारी तिनं शेजारणीकडून उसने घेऊन त्याला नेलं होतं. तिनं घोंगडी टाकली, तांब्या भरून पाणी आणलं. मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी सुट्टे होते."

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला दिसलं व्हतं दादा. कपाटाचं दार उघडंच व्हतं." आणि तांब्या माझ्यापुढे सरकवला.